एमआर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे काय? लिव्हरमधली चरबी कशी मोजतात?

मोबाईलला जोडता येणारा स्मार्ट वजनकाटा तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असेल. माझं ॲप रोज सकाळी 'बॉडी फॅट 17 टक्के' दाखवायचं आणि मी निश्चिंत व्हायचो. अंगानेही बारीकच आहे मी. मग पोटदुखीसाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये आलं, फॅटी लिव्हर! चरबी नेमकी किती, हे बघायला डॉक्टरांनी एमआर स्पेक्ट्रोस्कोपी करायला सांगितली. ती कशी चालते, ते आज बघूया.

स्मार्ट काटा काय मोजतो?

काटा तळपायातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतो. पाणी असलेल्या भागातून वीज सहज जाते, चरबीतून कमी जाते. हा अडथळा, वय, उंची आणि वजन सूत्रात टाकून ॲप अंदाज बांधतं. चरबी लिव्हरमध्ये आहे की मांडीत, हे त्याला कळत नाही.

स्पेक्ट्रोस्कोपी कशी चालते?

मशीन एमआरआयचंच. आपल्या शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. 1.5 टेस्लाच्या चुंबकात तो सुमारे 64 मेगाहर्ट्झवर सिग्नल देतो, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडा खाली. पण चरबीतल्या हायड्रोजनभोवतीची इलेक्ट्रॉनची रचना वेगळी असल्यामुळे त्याची फ्रिक्वेन्सी पाण्यापेक्षा साधारण 220 हर्ट्झने कमी असते. म्हणून आलेखावर दोघांची शिखरं वेगळी दिसतात, पाण्याचं 4.7 वर आणि चरबीचं मोठं शिखर 1.3 वर (एकक पीपीएम). चरबीच्या सिग्नलला दोघांच्या बेरजेने भागलं की टक्केवारी मिळते. लिव्हरमध्ये ती साधारण 5 टक्क्यांच्या वर गेली, की फॅटी लिव्हर म्हणतात. माझी आली 9!

चरबीचा प्रकारही कळतो का?

हो, काही प्रमाणात. असंतृप्त चरबीची छोटी शिखरं 5.3 आणि 2.8 जवळ येतात. पण 5.3 चं शिखर पाण्याच्या शिखराला खेटून असल्याने बऱ्याचदा झाकलं जातं. त्यामुळे लिव्हरमध्ये चरबी किती, हे सांगणं सोपं. कोणती, हे सांगणं अवघड.

तपासणी कशी होते?

लिव्हरमध्ये दोन-तीन सेंटीमीटरचा एक चौकोनी तुकडा निवडतात, मोठ्या रक्तवाहिन्या टाळून. काही सेकंद श्वास रोखायचा, बस्स. सुई नाही, एक्स-रे नाही. फक्त मोबाईल, घड्याळ बाहेर ठेवायचं. शरीरात पेसमेकर किंवा धातू असेल तर आधीच सांगा. मात्र मोजमाप होतं ते फक्त त्या तुकड्याचं, सगळ्या लिव्हरचं नाही.

बारीक माणसात एवढी चरबी कशी?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय 22.3. पण डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के निघाली! म्हणजे बारीक दिसणं आणि चरबी कमी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग काटा फेकून द्यायचा का?

अजिबात नाही. वजन वाढतंय की घटतंय, हे बघायला तो चांगलाच आहे. पण ॲपमधला आकडा बघून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी टाळू नका. मी तेच करणार होतो.

माहिती आवडली असेल तर तुमच्या बारीक मित्रालाही नक्की पाठवा!