मे 1976: रेडिओवरून गेलेला आवाज

आणीबाणीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, पण ते बहुतेक तुरुंग, वृत्तपत्रे आणि सेन्सॉर यांविषयी. खानदेशातल्या सामान्य घरात ते वर्ष रेडिओतूनही शिरले होते. मुंबईचे दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झाले, तरी जळगाव-धुळ्याच्या घरांत त्याचे चित्र अजून पोचले नव्हते. टपाल कचेरीतून परवाना काढून वापरायचा रेडिओ हीच बातमी आणि हीच करमणूक.

4 मे 1976 पासून या रेडिओवरून किशोरकुमार गेला. माहिती व नभोवाणी खात्याला सरकारी कार्यक्रमांच्या प्रचारासाठी चित्रसृष्टीची मदत हवी होती. किशोरने ती नाकारली. खात्याने आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याच्या गाण्यांना तीन महिन्यांची बंदी घातली, तबकड्यांची विक्री रोखण्याचाही प्रयत्न केला. विद्याचरण शुक्ल तेव्हा खात्याचे मंत्री होते. हा सारा तपशील पुढे शहा आयोगासमोर आला.

खानदेशाला हा गायक परका नव्हता. भुसावळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बऱ्हाणपूर ओलांडले की त्याचे खंडवा येते. याच भुसावळने दोन वर्षांपूर्वी, 1974 च्या मे महिन्यातच, रेल्वे संपाची धग सोसली होती.

बंदीची धाव मात्र आखूड होती. मे म्हणजे लग्नसराई, आणि वरातीतल्या बँडवाल्याला आकाशवाणीची परवानगी लागत नसे. लाउडस्पीकरवाल्याच्या पेटीतल्या जुन्या तबकड्याही कोणी परत मागितल्या नव्हत्या. शिवाय बुधवारी रात्री सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला असेच. दिल्लीचा हुकूम कोलंबोला लागू नव्हता. सत्तेला गायकापेक्षा त्याचे ध्वनिक्षेपण हाती ठेवता आले, एवढेच.

लोकांच्या आठवणीत किशोर शेवटपर्यंत ताठ उभा राहिला. कागद थोडे वेगळे सांगतात. जूनमध्ये त्याने सहकार्याची तयारी कळवली आणि बंदी उठली. निर्माते अडचणीत आले होते, एका गायकामागे कितीतरी लोकांची रोजी होती. याला शरणागती म्हणायला माझे मन घेत नाही; पण दंतकथेतून हे पत्र गळावे, हेही बरोबर नाही. कलावंताला वाकवण्यासाठी तुरुंगाची गरज पडली नाही, हा त्या पत्राचा खरा अर्थ आहे.

त्याच 1976 साली जळगावचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. खानदेशला स्वतःचे केंद्र मिळाले, तेही आणीबाणी चालू असताना.