हिराबाग : यात्रेकरूंचा निवारा, ग्रंथांचे घर

शंभर वर्षांपूर्वी गोंदिया मध्य प्रांतात होते. त्याच प्रांतातील सागर जिल्ह्यातल्या देवरी गावचा एक तरुण नोकरीसाठी मुंबईस गेला. पुढे विद्वान संशोधक म्हणून कीर्ती पावलेले पं. नाथूराम प्रेमी (१८८१-१९६०) ते हेच. त्यांच्या कार्याशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, ती सी. पी. टँकवरील इमारत म्हणजे हिराबाग.

मूळचे सुरतचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) यांनी मोत्यांच्या व्यापारात संपत्ती मिळविली. आपले पिताश्री हिराचंद गुमानजी यांच्या स्मरणार्थ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी ही धर्मशाळा बांधली. गिरनार-शत्रुंजयाकडे निघालेल्या कुटुंबाला परक्या शहरात निर्धास्तपणे पथारी पसरता यावी, हा हेतू. पण शेठजींची दृष्टी मुक्कामापुरती नव्हती. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ठिकठिकाणी वसतिगृहे काढली, आणि हिराबागेतही निवासासोबत कार्यालयांना जागा मिळाली. भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीचा कारभार येथूनच चाले.

१९१२ मध्ये प्रेमीजींनी हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालय सुरू केले. हिराबाग हा त्याचा पत्ता हिंदी वाचकांना पाठ झाला. जैनेंद्रकुमारांची ‘परख’ ही कादंबरी याच प्रकाशनाची. शेठजींच्या निधनानंतर त्यांच्या नावे माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. हस्तलिखितांत अडकलेले संस्कृत-प्राकृत ग्रंथ अल्प मूल्यात वाचकांपर्यंत पोचले. दगडविटांच्या स्मारकापेक्षा हे स्मारक थोर म्हणावे लागेल.

अशा जुन्या वास्तूंना काळापेक्षा कायद्याने अधिक पेचात टाकले. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली. विदर्भात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाडचा स्वतंत्र आदेश लागू होता. भाडेकरूंना संरक्षण मिळाले, हे खरे. परंतु भाड्यावर धर्मकार्य चालविणाऱ्या न्यासांना कौले बदलणेही जड झाले. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्रभर एकच कायदा आला आणि वार्षिक चार टक्के वाढीची मुभा मिळाली. कित्येक इमारतींना ती फार उशिरा लाभली. तरीही न्यासाची वास्तू विकणे सोपे नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ अन्वये त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते.