पितळी पेला उलटा करून बघा

शनिवार पेठेतल्या घरातूनच रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मागे रिक्षाचा हॉर्न वाजला तर सांभाळून घ्या.

माझ्यासमोर दोन वस्तू आहेत. एक जाडजूड पितळी पेला आणि एक बूच काढायचा कॉर्कस्क्रू. पेला तोफगोळ्याच्या रिकाम्या पुंगळीतून कापलाय, तर कॉर्कस्क्रूची मूठ म्हणजे रायफलच्या काडतुसाची पुंगळी. अशा वस्तूंना ‘ट्रेंच आर्ट’ म्हणतात. जुन्या बार सेटच्या शौकिनांत यांना भारी मागणी असते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची 18 पौंडी तोफ लाखो गोळे डागायची. गोळा जायचा आणि पितळी पुंगळी मागे राहायची. ती खरं तर सरकारी मालमत्ता. परत पाठवून पुन्हा भरायची वस्तू. तरी सैनिकांनी आणि गावोगावच्या कारागिरांनी त्यातून फुलदाण्या, राखपात्रं, पेले घडवले. नाव ‘ट्रेंच’चं असलं तरी बरंचसं काम खंदकामागे, वर्कशॉपमध्येच व्हायचं. पुढे कॉकटेलची फॅशन आली, तेव्हा कंपन्यांनी तोफगोळ्याच्या आकाराचे चकचकीत शेकरच विकायला काढले. ते युद्धावर कधी गेलेच नव्हते!

मग खरं कुठलं, हे ओळखायचं कसं? पहिली परीक्षा आमच्या आईने घेतली. पेला हातात घेऊन म्हणाली, “आतून कल्हई कुठंय? यात लिंबू पिळलंस तर कळकेल.” बरोबर आहे. बिनकल्हईच्या पितळेत आंबट काही ठेवायचं नाही, हे आपल्या स्वयंपाकघरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. असा पेला बहुधा पिण्यासाठी नव्हे, आठवण म्हणून केलेला असतो. तुम्हीही तो शोकेसमध्येच ठेवा.

दुसरी परीक्षा म्हणजे वस्तू उलटी करा. पुंगळीच्या बुडावर तोफेचा प्रकार, कारखान्याची खूण, साल आणि ब्रिटिश सरकारचा बाण ठोकलेला असतो. माझ्या पेल्यावर 1915 आहे. कॉर्कस्क्रूच्या मुठीवर ‘के’ आणि ‘एफ’, मध्ये बाण. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी. आपली खडकी! 1869 साली सुरू झालेला दारूगोळा कारखाना. म्हणजे जगभर फिरून येते असं वाटणारी ही वस्तू माझ्या घरापासून सहा-सात किलोमीटरवर जन्मलेली.

एक सूचना. पुंगळीच्या बुडाच्या मधोमध असलेल्या टोपीवर ठोका पडल्याची खूण नसेल, तर ती जिवंत असू शकते. हात लावू नका, 112 ला फोन करा.

आता 1915 वर परत येऊ. त्या डिसेंबरात आजच्या इराकमधल्या कुत शहरात ब्रिटिश फौज वेढली गेली. तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात 103वी, 110वी आणि 117वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. उपासमार, घोड्याचं मांस, आजारपण, आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती. सुमारे 13 हजार जण कैदेत गेले. त्यातले कितीतरी परतलेच नाहीत.

बसऱ्याला त्या आघाडीवरच्या मृतांचं स्मारक आहे. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या भारतीय शिपायांची नाहीत. पलटणीचं नाव आणि पुढे फक्त आकडा.

म्हणून हा पेला मी रोज पुसतो, पण मिरवत नाही. रिकाम्या पुंगळीवर कारखाना, साल, सगळं नीट नोंदवलंय. ती पुंगळी ज्या शिपायांच्या हातातून गेली असेल, त्यांच्यापैकी हजारोंच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

तुमच्या घरात, गावाकडे माळ्यावर असं काही असेल, तर विकण्याआधी आजीला विचारा, हे कुणी आणलं होतं. आणि ते नाव चिठ्ठीवर लिहून आत ठेवा.

भेटू पुढच्या भागात.