दाते आणि खिटी : एका छोट्या युक्तीचा इतिहास



मोटारदुरुस्तीच्या कारखान्यावरून जाताना ‘कर्रर्र, कर्रर्र’ असा आवाज आपल्या कानांवर अनेकदा पडला असेल. गाडीखाली उताणा निजलेला कारागीर हातातील दांडा पुढेमागे हलवीत असतो. दांडा मागे येतो तेव्हा तो आवाज होतो. पुढे जातो तेव्हा नट आवळला जातो. या दांड्याला रॅचेट म्हणतात आणि नट पकडण्यासाठी त्याच्या तोंडावर जी पोलादी टोपी बसवितात तिला आपले कारागीर गोटी म्हणतात. हा आवाज कारागिराच्या कानाला गोड लागतो. परंतु एखादे दिवशी सारा जोर लावलेला असताना दांडा एकदम निसटतो, नट जागच्या जागी राहतो आणि बोटांची पेरे लोखंडावर आपटून सोलून निघतात. हा दोष ज्या युक्तीचा आहे ती युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. म्हणून आधी तिची हकीगत सांगतो. दोष का होतो ते त्या हकीगतीतूनच उमजेल.

युक्तीचे मर्म दोन वस्तूंत आहे : एक दातेरी चाक आणि दुसरी त्याच्या दात्यांत पडणारी खिटी. सायकल दुरुस्त करणारे लोक या खिटीला कुत्ता म्हणतात, आणि नाव मोठे समर्पक आहे. एका बाजूने येणाऱ्यास ती मुकाट्याने जाऊ देते, दुसऱ्या बाजूने येणाऱ्यास अडविते. चाक सरळ फिरले की खिटी एकेका दात्यावरून घसरत जाते. तेच चाक उलट फिरू लागले की ती दात्याच्या उभ्या अंगाला टेकते आणि चाक थांबते. खिटीच्या पाठीशी एक बारीकशी स्प्रिंग असते. तिचे काम इतकेच की, खिटीला दरवेळी दात्यांच्या तळाशी नेऊन बसवावे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या यंत्रज्ञाने ग्रीकांच्या एका जुन्या शस्त्राचे वर्णन लिहून ठेवले आहे. ‘पोटावरचे धनुष्य’ असा त्याच्या नावाचा अर्थ. हे धनुष्य इतके ताठ असे की, हाताच्या बळाने ते ओढणे अशक्य होते. योद्धा त्याचे टोक जमिनीवर टेकवी, मागची कमानदार बाजू पोटाशी घेई आणि अंगाचा सारा भार टाकी. सरकपट्टी थोडी मागे जाई, दोन्ही कडांच्या दातेरी पट्ट्यांत खिट्या पडत आणि मिळालेले अंतर कायम राही. मग पुन्हा भार, पुन्हा खिटी. तोवर धनुर्धराची सीमा म्हणजे त्याच्या बाहूची एक ओढ; आता पुष्कळ लहान ओढी एकत्र जमू लागल्या. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे खरे, पण तळ्याला बांध असेल तरच. खिटी म्हणजे तो बांध होय.

पुढे युरोपात वजनावर चालणारी घड्याळे झाली. खाली उतरलेले वजन पुन्हा वर चढवावयाचे, पण त्या वेळी घड्याळाची चाके उलटी फिरता कामा नयेत. तेथे हीच जोडी उपयोगी पडली. तथापि एक अडचण उरली. किल्ली देत असता चाकांवरील जोर नाहीसा होई आणि तेवढा वेळ घड्याळ मागे पडे. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिराने दुसरे एक रॅचेट व एक स्प्रिंग घालून किल्ली देण्याच्या काळातही चाके चालती ठेवली. समुद्रावर रेखांश शोधण्यासाठी त्याने जी घड्याळे केली त्यांत ही योजना होती. तेथे काही सेकंदांची चूक म्हणजे जहाजाच्या स्थानात मैलाची चूक.

नट फिरविण्यासाठी ही युक्ती येण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. जोवर प्रत्येक कारखान्याचे आटे व नट निराळे होते, तोवर ठराविक मापाच्या गोट्या करण्यात फारसा अर्थ नव्हता. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडात आट्यांचे एकच प्रमाण असावे अशी योजना मांडली. १८६३ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या वुडस्टॉक गावच्या जे. जे. रिचर्डसन यांना बदलत्या गोट्यांच्या रॅचेट-पान्याचे पेटंट मिळाले. मोटारींचा प्रसार झाल्यावर १९२० मध्ये जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सीडमन यांनी मिलवॉकी येथे पाच दांडे व दहा गोट्या असा संच विकावयास काढला. तोवर बहुधा प्रत्येक गोटीला तिचा स्वतंत्र दांडा जोडलेला असे. पाच दांड्यांत पन्नासांचे काम, असे ते गिऱ्हाइकास सांगत.

आपल्याकडील सामान्य माणसाच्या ओळखीचे रॅचेट म्हणजे सायकलचे फ्रीव्हील. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले तेव्हा सायकलचे पायटे चाकाबरोबर सतत फिरत. उतारावरही पायांना विसावा नसे. शतक बदलण्याच्या सुमारास फ्रीव्हील प्रचारात आले आणि स्वार पाय थांबवून उतरू लागला. तेव्हापासून सायकलच्या मागच्या चाकातून येणारी टिकटिक आपण ऐकत आलो आहोत.

आता निसटण्याकडे वळू. दात्याची कड धारदार आणि खिटी पूर्ण आत बसलेली असेल, तर भार जितका अधिक तितकी खिटी आत दाबली जाते. ओझेच तिला धरून ठेवते. परंतु खिटी अर्धवट बसली तर सारा भार दात्याच्या टोकावर येतो, टोक झिजून गोल होते आणि मग तेच ओझे खिटीला बाहेर ढकलू लागते. रिचर्ड फाइनमन या पदार्थवैज्ञानिकाने १९६२ साली कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांसमोर याच यंत्राचा एक काल्पनिक, अतिसूक्ष्म नमुना मांडला होता. त्याचा निष्कर्ष असा की, उष्णतेने खिटीच थरथरू लागली तर चाकाला एकच एक दिशा राहत नाही. आपल्या दांड्यातील खिटी उष्णतेने थरथरत नाही; ती घाणीने व दुबळ्या स्प्रिंगने सुटते. पण बोध एकच : खिटी जागेवर नसेल, तर दाते कितीही मजबूत असोत, व्यर्थ होत.

म्हणून निसटणाऱ्या रॅचेटला प्रथम भंगारात टाकू नये. ताटात स्वच्छ फडके पसरून त्यावर ते उघडावे, कारण स्प्रिंग व बारीक छर्रा उडून हरवितात. कोणता भाग कोठे होता याचे चित्र काढून ठेवावे. सारे भाग रॉकेलमध्ये धुऊन जुन्या ब्रशाने घासावेत. पुष्कळदा वाळून घट्ट झालेले ग्रीसच खिटीला अडवीत असते आणि धुण्यानेच दुखणे बरे होते. स्प्रिंग मोडली वा बसली असेल तर ती बदलावी. मग भिंगाखाली दाते पाहावेत. टोके गोल झाली असतील तर कानस लावू नये. कठीण केलेला वरचा थर त्याने जातो आणि दात्याचा आकारही बिघडतो. अशा वेळी चाक व खिटी दोन्ही एकदम नवी घालावीत, कारण झिजलेल्याच्या संगतीत नवे लवकर झिजते. शेवटी हलक्या तेलाचे दोन थेंब किंवा पातळ ग्रीसचा हात पुरे. जाड ग्रीस भरणे म्हणजे दुखणे पुन्हा बोलावणे.

आणि घट्ट गंजलेला नट सोडविण्यासाठी रॅचेटच्या दांड्यावर नळी चढवू नये. बाहत्तर दात्यांच्या चाकाचा दांडा पाच अंश हलला की पुढचा दाता मिळतो, चोवीस दात्यांच्या चाकास पंधरा अंश लागतात. अडचणीच्या जागी बारीक दाते सोयीचे खरे, पण दाता बारीक तसा त्याला भारही बेताने द्यावा लागतो. पहिला झटका दातेविरहित साध्या दांड्याने द्यावा आणि नट ढिला झाल्यावर रॅचेट हाती घ्यावे.

उघडण्या-धुण्याचे हे काम अर्ध्या तासाचे आहे. पण कारखान्यात तो अर्धा तास कोणाच्या वाट्याला येत नाही, कारण त्याचे बिल कोणाला लावता येत नाही. कारागीर निसटणारा दांडा तसाच वापरतो, जरा जपून जोर लावतो आणि एक दिवस हात सोलून घेतो. उद्या आपली गाडी दुरुस्तीस न्याल तेव्हा गाडीखालून येणारा तो आवाज ऐका. तो मध्येच अडखळत असेल, तर घाई करू नका. त्याला दांडा उघडून पाहण्यास सांगा आणि तेवढा वेळ तेथे थांबा.