त्वचा आणि स्पर्शज्ञान

त्वचा हे मानवी शरीराचे बाह्य आवरण असून पाच ज्ञानेंद्रियांपैकी ते एक आहे. डोळे, कान, नाक व जीभ ही ज्ञानेंद्रिये ठरावीक जागी असतात. त्वचा मात्र सर्वांगावर पसरलेली असते. स्पर्श, दाब, कंप, उष्णता, थंडी, खाज व वेदना या संवेदना त्वचेमार्फत मेंदूपर्यंत पोहोचतात. व्यापक अर्थाने या सर्वांना स्पर्शज्ञान असे म्हणतात. स्पर्शज्ञानामुळे वस्तूंची ओळख पटते आणि इजेपासून शरीराचे रक्षण होते. ते नाहीसे झाल्यास साधी जखमही लक्षात येत नाही व त्यातून कायमचे व्यंग येऊ शकते.

भारतीय दर्शनांमध्ये त्वचेचा उल्लेख ‘त्वक्’ या नावाने ज्ञानेंद्रियांत केला आहे. न्याय व वैशेषिक दर्शनांनी स्पर्श हा वायूचा विशेष गुण मानला आहे.

त्वचेची रचना

प्रौढ व्यक्तीच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १.५ ते २ चौरस मीटर असते. पापण्यांवर ती अतिशय पातळ, तर तळहात व तळपायांवर सर्वांत जाड असते. त्वचेचे दोन मुख्य थर असून त्यांच्याखाली चरबीयुक्त थर असतो.

* बाह्यत्वचा: या थरात रक्तवाहिन्या नसतात. तळाशी नव्या पेशी सतत तयार होतात व हळूहळू वर सरकतात. पृष्ठभागावर येईपर्यंत त्या मृत होऊन केराटिन या कठीण प्रथिनाने भरतात आणि शेवटी झडून जातात. हे चक्र साधारणपणे एक ते दीड महिन्यात पूर्ण होते. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन हे रंगद्रव्य याच थरात तयार होते.
* अंतस्त्वचा: या थरात रक्तवाहिन्या, चेतातंतू, घर्मग्रंथी, तैलग्रंथी व केसांची मुळे असतात. स्पर्शाचे बहुतेक ग्राहक येथेच आढळतात.
* अधस्त्वचीय थर: हा चरबीचा थर शरीराची उष्णता टिकवतो व धक्क्यांपासून आतील अवयवांचे रक्षण करतो.

स्पर्शग्राहक

त्वचेत निरनिराळ्या संवेदना टिपणारी सूक्ष्म रचना असते. त्यांना ग्राहक म्हणतात. त्यांपैकी अनेकांना त्यांचे वर्णन करणाऱ्या शास्त्रज्ञांची नावे दिली आहेत.

* माइसनर कण: बोटांची टोके व ओठ यांत अधिक. हलका स्पर्श आणि हातातून निसटणारी वस्तू यांची जाणीव करून देतात.
* मर्केल पेशी: वस्तूची कड, आकार व पोत ओळखण्यास उपयोगी. धान्य निवडताना लागणारा खडा बोटांना जाणवतो, तो मुख्यतः यांच्यामुळे.
* पॅचिनी कण: त्वचेत खोलवर असतात व कंप टिपतात.
* रफिनी अग्रे: त्वचा ताणली गेल्याची जाणीव देतात.
* मुक्त चेताग्रे: उष्णता, थंडी, खाज व वेदना यांची संवेदना ग्रहण करतात.

केसांच्या मुळांभोवतीही चेताग्रे असतात. त्यामुळे हातावर डास बसला तरी केस हलून त्याची चाहूल लागते.

संवेदनेचा मार्ग

ग्राहकावर दाब पडला की त्याच्या आवरणातील सूक्ष्म मार्ग उघडतात व विद्युत संदेश निर्माण होतो. हा संदेश चेतातंतूंमधून मेरुरज्जूकडे, तेथून मेंदूतील थॅलॅमस या भागाकडे व पुढे प्रमस्तिष्काच्या बाह्यकाकडे जातो. स्पर्श कोठे व कसा झाला, हे तेथे कळते. चेहऱ्याचे संदेश मात्र मेरुरज्जूतून न जाता थेट मेंदूत जातात.

सर्व संदेश सारख्या वेगाने जात नाहीत. हलक्या स्पर्शाचे संदेश जाड तंतूंमधून सेकंदाला ३५ मीटरहून अधिक वेगाने जातात. रेंगाळणाऱ्या वेदनेचे संदेश पातळ तंतूंमधून सेकंदाला सुमारे १ मीटर इतक्या मंद गतीने जातात. म्हणूनच पायाला ठेच लागल्यावर आधी धक्का व तीव्र कळ जाणवते आणि ठणका मागाहून सुरू होतो.

तापलेल्या तव्याला बोट लागल्यास हात झटकन मागे घेतला जातो. ही प्रतिक्षिप्त क्रिया असून तिचा आदेश मेरुरज्जूतूनच दिला जातो. चटक्याची जाणीव त्यानंतर होते.

उष्णता, थंडी व दाब ओळखणाऱ्या ग्राहकांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याच्या साहाय्याने ज्युलियस यांनी उष्णतेचा ग्राहक शोधला. हा ग्राहक सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर कार्यान्वित होतो, तसाच तो कॅप्सेसिननेही होतो. त्यामुळे मिरच्या चिरल्यावर हात भाजलेला नसतानाही बोटांची आग होते.

संवेदनक्षमतेतील फरक

शरीराच्या सर्व भागांची संवेदनक्षमता सारखी नसते. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट हाइनरिख वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात कंपासच्या दोन टोकांनी याचा अभ्यास केला. बोटांच्या टोकांवर २ ते ३ मिलिमीटर अंतरावरील दोन टोके वेगळी जाणवतात. पाठीवर मात्र तीच टोके सुमारे ४ सेंटिमीटर दूर असावी लागतात. बोटे व ओठ यांत ग्राहक दाट असतात आणि त्यांच्यासाठी मेंदूचा मोठा भाग राखलेला असतो.

लुई ब्रेल यांनी तयार केलेली ब्रेल लिपी याच क्षमतेवर आधारलेली आहे. तिच्या सहा टिंबांच्या चौकटीत लगतच्या टिंबांमधील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते. त्यामुळे संपूर्ण अक्षर बोटाच्या एका टोकाखाली मावते. मराठीसाठी भारती ब्रेल वापरली जाते.

सतत होणाऱ्या एकसारख्या स्पर्शाकडे चेतासंस्था हळूहळू दुर्लक्ष करू लागते. अंगावरचे कपडे, बांगडी किंवा चष्मा यांची जाणीव थोड्या वेळाने राहत नाही, ती यामुळेच.

संवेदना नष्ट होणे

फार वेळ मांडी घालून बसल्यास पायावरील दाबामुळे चेतातंतूंचे कार्य तात्पुरते मंदावते; पाय बधिर होतो व नंतर मुंग्या येतात. काही आजारांत मात्र ही बधिरता कायमची असू शकते.

कुष्ठरोग हा त्याचा महत्त्वाचा नमुना आहे. या रोगाचा जीवाणू नॉर्वेचे आर्माउअर हान्सन यांनी १८७३ साली शोधला. तो त्वचा व परिघीय चेतातंतूंवर हल्ला करतो. त्वचेवर फिकट किंवा लालसर, संवेदना नसलेला चट्टा हे त्याचे प्रमुख लक्षण होय. या रोगात हातापायांची बोटे आपोआप झडतात, असा पूर्वी समज होता. वेल्लूर येथे काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की हानीचे मुख्य कारण वेदनेचा अभाव हे आहे. गरम भांडे धरल्याने भाजते, चालताना काटा रुततो. पण दुखत नसल्याने जखमेकडे लक्ष जात नाही. ती चिघळते, हाडापर्यंत जाते आणि अवयव खुरटतो.

कुष्ठरोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो. लवकर उपचार घेतल्यास बधिरता व व्यंग टाळता येते. एकदा नष्ट झालेली संवेदना मात्र सहसा परत येत नाही. तरीही समाजाने या रुग्णांना दीर्घकाळ दूर ठेवले. ज्यांच्या हाताला स्पर्श कळत नव्हता, त्यांना इतरांचा स्पर्शही नाकारला गेला. महाराष्ट्रात बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समितीची स्थापना केली. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे तिने उभारलेल्या आनंदवनात रुग्णांना उपचारांबरोबरच काम व घर मिळाले.

दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेल्या मधुमेहातही पायांची संवेदना कमी होऊ शकते. अशा व्यक्तींनी रोज तळपाय तपासावेत, अनवाणी चालू नये व पायाने पाण्याचा गरमपणा अजमावू नये.

सोपा प्रयोग

तीन भांड्यांत अनुक्रमे थंड, साधे व सोसवेल इतके कोमट पाणी घ्यावे. एक हात थंड व दुसरा कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवून नंतर दोन्ही हात एकदम साध्या पाण्यात बुडवावेत. तेच पाणी एका हाताला ऊन व दुसऱ्याला गार लागते. त्वचा तापमापकासारखे निश्चित तापमान मोजत नाही. मुख्यतः तिला तापमानातील बदल जाणवतो, हे यावरून दिसून येते.

हेही पाहा

* चेतासंस्था
* ज्ञानेंद्रिये
* कुष्ठरोग
* ब्रेल लिपी