शंकरपट ते टर्बो
पैनगंगेपलीकडचा शंकरपट आपल्या तलमडुगूच्या मराठी घरांना ठाऊक आहेच. पट सरळ, निकाल सेकंदांत; खरी कसोटी जोडी सुटताना. धुरकऱ्यानं घाई केली की बैल वाकडे सुटलेच! 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं बैलांच्या शर्यती बंद केल्या. 16 डिसेंबर 2021 ला महाराष्ट्रात सशर्त परवानगी मिळाली. तोवर आमच्या घरची पोरं टर्बोच्या गाड्यांकडं वळली. तिथंही तेच. अंतर पाव मैल, म्हणजे 402 मीटर. एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर चाकं जागीच फिरतात. इंजिन कमी फिरवलं तर टर्बोत दाब भरत नाही. म्हणून क्लच बेतानं सोडायचा, चाकांनी जमीन धरली की मग पूर्ण दाबायचं. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्यात. हायवेवर केलं तर घरात घेणार नाही, हे मी पोरांना सांगून ठेवलंय.