मनी प्लांट लावताय? बाटलीतले पाणी आठवड्याला बदला

जुना जालना : कुंडलिकेच्या अलीकडे जुन्या जालन्यात आणि पलीकडे नव्या जालन्यात, गल्लीगल्लीत एक वेल हमखास दिसतो. कुठे खिडकीत बाटलीत, कुठे ओट्यावर डब्यात. तो म्हणजे मनी प्लांट. चोरून आणला तरच वाढतो, असं लोक म्हणतात. त्यात काही तथ्य नाही. मागून आणलेला वेलही तसाच फुटतो, फक्त काडी बरोबर तोडता आली पाहिजे.

मूळचा कुठला?
हा वेल प्रशांत महासागरातल्या मोरिआ बेटाचा. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. कूळ आपल्या अळूचं. याला फूल जवळपास येतच नाही, त्यामुळे बी नाही. सगळी लागवड काडीवरच.

काडी कशी घ्यावी?
उसाचं बेणं डोळा बघून घेतात, तसंच इथं पेर बघायचं. पेरावर तपकिरी गाठ असते, मुळी तिथूनच फुटते. दोन-तीन पेरांची काडी पेराच्या खाली अर्धा इंच सोडून कापावी. खालचं पान काढून टाकावं. नुसतं पान पाण्यात ठेवलं तर नवा वेल होत नाही. दोन-तीन आठवड्यांत मुळ्या दिसतात. पावसाळ्यात काडी लवकर लागते.

माती आणि पाणी
नुसती काळी माती नको. ती पाणी धरून ठेवते आणि मुळ्या सडतात. काळी माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं घ्यावं. डब्याला खाली भोक पाडावं. वरची माती बोटभर सुकली की मगच पाणी द्यावं. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने पानांच्या कडा करपतात, म्हणून पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर तेच वापरावं. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वेल थेट उन्हात ठेवू नये. फार अंधारात ठेवला तर पानावरचे पिवळे पट्टे जातात. काठीवर चढवला तर पान मोठं होतं, खाली सोडला तर लहान राहतं.

हे विसरू नका
डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून बाटलीतलं पाणी दर आठवड्याला एक दिवस ठरवून बदलावं. नुसतं ओतून भागत नाही. अंडी काचेला चिकटतात आणि कोरडी राहिली तरी महिनोन्महिने टिकतात. बाटली आतून घासूनच पाणी भरावं. कूलर, रांजण आणि ड्रमलाही हाच नियम.

दुसरं म्हणजे पान खाऊ नये. कच्च्या अळूसारखीच तोंडाला आग होते, ओठ-जीभ सुजते. रांगतं लेकरू, शेळी, वासरू यांच्या तोंडाला लागणार नाही इतका वेल उंच ठेवावा. छाटलेल्या काड्या दावणीत टाकू नयेत. लेकराने पान चावलं तर तोंड पाण्याने धुवावं, आणि सूज किंवा श्वासाचा त्रास दिसला तर लगेच दवाखाना गाठावा.